अण्णांना आलेला वास

इथले अमानवीय अनुभव मी गेली दोन वर्षं वाचतेय. प्रतिक्रिया कधी दिली नाही, कारण खरं सांगायचं तर निम्मे अनुभव वाचून मला हसू येतं. मी नाशिकरोडच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सहाय्यक आहे, तीसेक वर्षं झाली. बाटलीवरचं लेबल निघून गेलं तरी आत काय आहे ते मी लांबूनच वासावरून सांगू शकते. अशा माणसाचा भुताखेतांवर विश्वास बसत नाही.

आणि घर तर त्याहून कडक. आमचे अण्णा – माझे वडील – कॉलनीतल्या विहारात दर रविवारी बोलायचे, आणि विषय बहुतेक वेळा एकच. अंगारे, धुपारे, दृष्ट, बाहेरचं... यातलं काही आपल्या घरात शिरता कामा नये. लहानपणी मी एकदा शेजारणीकडून काळा दोरा बांधून आले, तर अण्णांनी तो कात्रीने कापला आणि मला समोर बसवून तासभर समजावलं. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते मी का लिहितेय, हा प्रश्न मलाही पडतो. पण अण्णा आता नाहीत, आईही नाही. मी लिहिलं नाही तर ही गोष्ट कुणालाच माहीत असणार नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. आम्ही जेल रोडला राहायचो, एका रो-हाउसमध्ये. पुढे छोटा व्हरांडा, त्यात अण्णांची लोखंडी खुर्ची. अण्णा सरकारी छापखान्यातून रिटायर झालेले. अख्खी नोकरी शाईच्या खात्यात काढली. आधी सायनस, मग नाकाचं ऑपरेशन, आणि त्यानंतर हळूहळू त्यांना वास येणं पूर्ण बंद झालं. थोडंफार नाही – पूर्ण. एकदा गॅसची नळी गळत होती आणि अण्णा स्वयंपाकघराच्या दारात निवांत पेपर वाचत बसले होते. मी स्वतः त्यांची परीक्षा घेतली होती. डोळे मिटायला लावून नाकाखाली लवंगेचं तेल धरलं, रॉकेल धरलं, फिनेल धरलं. प्रत्येक वेळी ते शांतपणे म्हणाले, "काही नाही." लॅबमधून अमोनिया आणला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, पण वास नाहीच. सात-आठ वर्षं हे असंच होतं.

माझा धाकटा भाऊ मिलिंद. ओझरच्या बाजूला विमानांच्या कामावर शिकाऊ म्हणून लागला आणि विमानांच्या प्रेमातच पडला. पुढे परीक्षा देत देत मुंबईच्या एका खाजगी विमान कंपनीत फ्लाइट इंजिनीअर झाला. म्हणजे दोन पायलटच्या मागे बसून इंजिनांचे काटे बघणारा तिसरा माणूस. जुन्या विमानांत तो लागायचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, ती केव्हाच बंद पडली. आमच्या कॉलनीतला कॉकपिटमध्ये बसलेला पहिला माणूस म्हणून मिलिंदचा विहारात सत्कार झाला, तेव्हा अण्णांना भाषणच करता आलं नाही. उभे राहिले, दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले.

पहिल्यांदा झालं ते डिसेंबरात. सकाळची वेळ, मी कॉलेजला निघत होते. अण्णा व्हरांड्यातून आत आले आणि म्हणाले, "ओले मोजे कुणी तापल्या मशिनवर वाळत घातलेत का?"

मी आणि आई एकमेकींकडे बघतच राहिलो. घरात मोजे नव्हते, मशीन नव्हतं, आणि वास तर आम्हा दोघींना अजिबात येत नव्हता. पण त्याचं कुणाला काय... अण्णांना वास आला होता! आई धावत जाऊन कोथिंबीर घेऊन आली. मग लसूण ठेचून आणला. अण्णांनी सगळं हुंगून पाहिलं आणि मान हलवली. कोथिंबिरीचा नाही, लसणाचा नाही, फक्त तो एकच वास. ओल्या मोज्यांचा, आणि त्यात मिसळलेलं जळकं तेल. अर्ध्या तासाने तोही गेला. आई खूप हिरमुसली.

मी त्यांना नाकाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मज्जातंतू खराब झालेल्या माणसांना कधीकधी खोटे वास येतात, बहुतेक घाणच येतात, घाबरायचं कारण नाही. पुन्हा आला तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा म्हणाले. म्हणून मी घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात पेनने खूण केली, बाजूला वेळ लिहिली. जानेवारीत नवीन कॅलेंडर लावलं तेव्हा जुन्याचं ते पान त्यातच अडकवून ठेवलं.

दुसऱ्यांदा वास आला तो त्याच जानेवारीत, तेव्हा मिलिंद घरीच होता. चार दिवसांची सुट्टी काढून आला होता, आम्ही दुपारी जेवायला बसलो होतो. अण्णांचा हात भाकरीवरच थांबला. मला लगेच कळलं. मी घड्याळ पाहिलं आणि विचारलं, तोच का? ते म्हणाले, तोच.

मिलिंदला यातलं काही माहीत नव्हतं. मी हसत हसत सांगितलं, की अण्णांना हल्ली ओल्या मोज्यांचा आणि जळक्या तेलाचा वास येतो. मला वाटलं तो खिदळेल. पण त्याने ताट थोडं पुढे सरकवलं आणि अण्णांना विचारलं, "डोकं जड होतं का त्याने? जिभेवर काहीतरी धातूची चव येते?"

अण्णा म्हणाले, चव येते.

मग मिलिंदने सांगितलं. त्यांच्या कंपनीत एक जुनं विमान होतं, त्याच्या कॉकपिटमध्ये अधूनमधून अगदी हाच वास यायचा. विमानात श्वास घ्यायची हवा इंजिनातूनच काढलेली असते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इंजिनातलं सील झिजलं, की तापलेल्या तेलाची वाफ त्या हवेत मिसळते. मिलिंदने एकदा लेखी तक्रारही केली होती. मेकॅनिकनी जमिनीवर इंजिन चालवून बघितलं, वास आला नाही, दोष सापडला नाही असा शेरा मारला आणि विमान पुन्हा सोडलं. त्या दिवशी उतरल्यावर त्याला हॉटेलचा जिना चढताना कठड्याला धरावं लागलं होतं.

आई म्हणाली, "मंग त्या इमानात बसू नको ना बाबा. सांग त्यांना, नाय बसत."

"असं सांगता येत नाही, आई. ज्यानं नाही म्हटलं त्याच्या जागेवर दुसरा उभाच असतो." मग तो अण्णांकडे बघून हसला. "पण अण्णांचं नाक मात्र कमाल आहे. घरचा लसूण कळत नाही, आमच्या विमानाचं तेल कळतं."

अण्णाही हसले. जेवण पुढे सुरू झालं. मी उठून कॅलेंडरवर दुसरी खूण केली. मनातल्या मनात मी एक स्पष्टीकरणही तयार केलं होतं – मिलिंदच्या बॅगेला, कपड्यांना तो वास लागून आला असणार. तो आतल्या खोलीत गेला तेव्हा मी हळूच त्याची बॅग उघडून हुंगली. साबणाचा वास होता, आणि शेव्हिंग क्रीमचा.

तिसऱ्यांदा वास आला तो दिवस मार्चमधला. बारावीची प्रॅक्टिकल्स नुकतीच संपली होती, म्हणून बदली रजा घेऊन मी घरी होते. दोन दिवसांपूर्वी शेजारच्यांच्या फोनवर मिलिंदचा फोन येऊन गेला होता. आमच्या घरी फोन नव्हता, नंबर लावलेला होता. तो म्हणाला होता, "ताई, आठवडाभर मला त्याच खटाऱ्यावर टाकलंय." त्याचा आवाज थकलेला होता. मी ही गोष्ट आईला सांगितली नाही. अण्णांना सांगितली.

सकाळी पावणेदहाच्या सुमारास अण्णांनी मला व्हरांड्यात हाक मारली. ते खुर्चीत ताठ बसले होते, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर.

"वास येतोय," ते म्हणाले. "आधीपेक्षा जास्त येतोय. तू मिलिंदला फोन लाव."

मी म्हटलं, तो ड्युटीवर असेल. ते म्हणाले, मग कंपनीत लाव. काय सांगू, असं मी विचारलं. त्यांनी आधी आत, आईकडे बघितलं. मग म्हणाले, "काहीही सांग. आई सिरीयस आहे म्हण. पण त्याला थांबव."

मी अण्णांना आयुष्यात खोटं बोलताना ऐकलेलं नव्हतं, दुसऱ्याला बोलायला लावणं तर दूरच. मी चप्पल घातली आणि चौकातल्या पीसीओवर गेले. कंपनीच्या ऑपरेशन्सचा नंबर मिलिंदने चिठ्ठीवर लिहून दिला होता, तो माझ्या पर्समध्ये होता. काचेच्या केबिनमध्ये कुणीतरी बोलत होतं म्हणून मी बाहेर थांबले. आणि थांबल्या थांबल्या मी विचार करायला लागले. आई सिरीयस आहे म्हणून त्याला उतरवायचं, तो धावत नाशिकला येणार, आई दारात भांडी घासत बसलेली दिसणार. मग त्याला सांगायचं काय? अण्णांना वास आला? त्याच्या नोकरीचं काय? कंपनीत हसं होईल ते वेगळंच. विहारात अंधश्रद्धेवर बोलणारे आमचे अण्णा, आणि केमिस्ट्रीच्या लॅबमधली मी...

केबिनमधला माणूस बाहेर आला. पीसीओवाल्या काकांनी मला खुणेने आत जायला सांगितलं. मी म्हटलं, राहू द्या, नंतर येते.

माझा विश्वास नव्हता म्हणून मी परत फिरले, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण ते तितकंसं खरं नाही. थोडा विश्वास बसला होता. तो बसलाय हे कुणाला दिसायला नको होतं, म्हणून मी परत फिरले.

घरी येऊन अण्णांना सांगितलं, लाइन लागत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फक्त मान हलवली. वास मघाशीच गेला म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं.

साडेअकराला तो पुन्हा आला. या वेळी अण्णा उठले आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडत सुटले. बाहेर उन्हाच्या झळा होत्या, आई ओरडत होती, पण ते ऐकेनात. पुढचं दार उघडलं, मागचं उघडलं. मग बोलताना त्यांचे शब्द अडखळायला लागले. हात बधिर झालेत म्हणाले. मी त्यांना पलंगावर बसवलं, आईने कांदा फोडून नाकाशी धरला. मला वाटलं अर्धांगाचा झटका येतोय. मी रिक्षा आणायला निघाले, तर त्यांनी माझा हात पकडला आणि म्हणाले, "थांब. फार झोप येतेय. तिघांनाही येतेय."

कोण तिघं, असं आईने विचारलं.  अण्णांचे डोळे उघडे होते, पण बघत कुठेच नव्हते. असा किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग त्यांनी एक लांब श्वास सोडला. मान सरळ झाली, हाताची बोटं हलली.

"गेला," ते म्हणाले.

 आईने घाबरून विचारलं, "कोण गेला?"

"वास," अण्णा म्हणाले.

मी सवयीने घड्याळ पाहिलं. सव्वाबाराला एखादं मिनिट कमी होतं. डॉक्टरांसाठी वेळ लिहून ठेवायची होती, म्हणून मी जाऊन कॅलेंडरवर ती लिहिली. आज विचार केला की माझाच मला राग येतो. मी तेव्हा ती वेळ अगदी सुवाच्य अक्षरात लिहिली आहे.

चार वाजता शेजारच्या काकू घरात आल्या. त्या नुसत्या आईला धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या घरी फोन आला होता.

विमान उत्तरेकडच्या एका डोंगरावर आदळलं होतं. मागच्या बाजूला बसलेले थोडे प्रवासी वाचले. कॉकपिटमधलं कुणीही वाचलं नाही. आदळण्याआधी जवळजवळ अर्धा तास ते सरळ एका रेषेत उडत होतं, आणि रेडिओवर कुणी उत्तर देत नव्हतं. मिलिंदला आम्ही ज्या पेटीत आणलं ती उघडू दिली नाही. विहारात त्रिशरण-पंचशील झालं तेव्हा अण्णांचा आवाज सगळ्यांत स्पष्ट होता. ते शेवटपर्यंत उभे होते.

त्यानंतरची दोन वर्षं वेगळ्या तऱ्हेने वाईट गेली. पेपरांत आलं, की वैमानिक बहुधा झोपले असावेत. कुणी लिहिलं, दारू प्यायले होते. कंपनीचा एक माणूस घरी येऊन गोड बोलत चहा प्यायला आणि विचारून गेला, की मिलिंद झोपेच्या गोळ्या घ्यायचा का. कॉलनीत ज्यांनी सत्काराला टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांच्यातलेच काही आम्ही जवळ गेलो की बोलणं थांबवायचे. आई बाजारात जाईनाशी झाली. अण्णांनी विहारातलं रविवारचं बोलणं बंद केलं. कुणी विचारलं तर घसा बसलाय म्हणायचे.

लढल्या त्या मिलिंदच्या विमानाच्या कॅप्टनच्या बायको. पुण्याच्या होत्या, शिक्षिका. दिल्लीच्या चकरा मारून त्यांनी चौकशीचा अहवाल मिळवला आणि आम्हाला त्याची झेरॉक्स पाठवली. एका रविवारी मी ती वाचायला बसले. आई झोपली होती, अण्णा व्हरांड्यात होते.

दारू नव्हती. गोळ्या नव्हत्या. इंजिनातलं सील झिजलेलं सापडलं होतं, आणि तेलाच्या वाफेने तिघांची शुद्ध हळूहळू हरपली असण्याची दाट शक्यता आहे, असं लिहिलं होतं. कॉकपिटमधल्या रेकॉर्डिंगचे उतारे होते. त्यात मिलिंद इंग्रजीत म्हणतो, ओल्या मोज्यांचा वास येतोय. नंतर त्याची वाक्यं अर्धवट होत जातात. शेवटी तो एकच आकडा पुन्हा पुन्हा वाचतो आणि मग काहीच नाही. ओले मोजे हे शब्द वाचून मी फार दचकले नाही. या वासाला जगभर असंच म्हणतात हे तोवर मी वाचलेलं होतं.

दचकले ते पुढच्या पानावर. त्या विमानाबद्दल वासाच्या ज्या लेखी तक्रारी झाल्या होत्या, त्यांची यादी होती. मी उठले, कपाटातून जुनं कॅलेंडर काढलं आणि डिसेंबरचं ते पान यादीशेजारी ठेवलं. पहिली तक्रार डिसेंबरातली, मिलिंदच्या सहीची. तारीख जुळली, वेळही जुळली.

दुसरी तक्रार जानेवारीतली. तीही जुळली. पण त्या दिवशी मिलिंद विमानात नव्हता. तो आमच्या घरी, अण्णांच्या शेजारी, भाकरी खात बसला होता. तक्रार दुसऱ्याच माणसाने लिहिली होती, त्याचं नाव आम्ही कधी ऐकलंही नव्हतं.

तोपर्यंत माझ्या मनात एक समजूत होती. बापाचं काळीज असतं, लेकावरचं संकट त्याला कळतं, वगैरे. विज्ञानात बसत नसली तरी माणसाला तेवढी चालते. पण हे तसं नव्हतं. अण्णांना मिलिंदचं काही कळत नव्हतं. त्यांना त्या विमानाचा वास येत होता. का, ते मला आजही सांगता येत नाही.

आणि तिसरी तक्रार. अपघाताच्याच दिवशी सकाळी, पहिल्या फेरीत पावणेदहाला वास आला. उतरल्यावर मिलिंदने पुन्हा लिहून दिलं. जमिनीवर इंजिन चालवून पाहिलं, वास आला नाही. अकरा वीसला विमान पुन्हा उडालं. मधे दीड तास ते जमिनीवर होतं. मी पीसीओबाहेर उभी होते तेव्हा मिलिंद जमिनीवर होता.

मी अहवाल घेऊन व्हरांड्यात गेले. अण्णांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. मी फोन लावलाच नव्हता हेही सांगितलं. त्यांनी मला रागवावं असं मला फार वाटत होतं.

अण्णांनी अहवाल माझ्या हातातून घेतला आणि मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "मला माहीत होतं. तू ज्या वेळेत परत आलीस, तेवढ्या वेळात मुंबईची लाइन लागतही नाही, आणि ती लागत नाहीये हेही कळत नाही."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"माझे पाय धड होते, बाई. चौक काही लांब नव्हता. मी स्वतः का नाही गेलो? लोक काय म्हणतील याची मला लाज वाटली. तुला पाठवलं, आणि तू खोटं बोललीस तेव्हा मला बरं वाटलं. हे मी तुझ्या आईला कधी सांगितलं नाही, तूही सांगू नकोस."

आम्ही दोघांनीही सांगितलं नाही. आई त्यानंतर चार वर्षांनी गेली, अण्णा तिच्या पाठोपाठ. त्यांना पुन्हा कधीच कसला वास आला नाही. मी अधूनमधून लवंगेचं तेल धरून बघायचे, ते डोळे मिटून मान हलवायचे.

नाकाच्या त्याच डॉक्टरांना मी मागे एकदा कॅलेंडरची पानं आणि अहवाल दोन्ही नेऊन दाखवलं. त्यांनी दोन वेळा वाचलं. योगायोग असू शकतो, म्हणाले. मी वेळा दाखवल्या. मग त्यांनी कागद नीट जुळवून परत दिले.

इथे बरेच जण खाली लिहितात, की हा निव्वळ योगायोग, यात काही अमानवीय नाही. माझ्या बाबतीतही कुणी तसं लिहिणार असेल तर खुशाल लिहा, मला राग येणार नाही. उलट जमलं तर मला ते नीट पटवून द्या. कारण योगायोग असेल, तर त्या सकाळी पीसीओवर फोन न लावण्यात माझी काही चूक नव्हती. मी खूप प्रयत्न केला, पण मला स्वतःला ते पटवता आलेलं नाही.